माळ्यावरची पेटी उतरवलीत? आधी हवा बघा, सूर नंतर

गणपती तोंडावर आले की सिंधुदुर्गात माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) सजवायच्याही आधी घराघरांत एक काम निघतं: माळ्यावरची पेटी, म्हणजे हार्मोनियम, खाली काढणं. मुंबईचे चाकरमानी आले की आरत्यांना, भजनाला पेटी लागतेच, आणि आजोबांची पेटी घरात असताना दुसऱ्याची मागायची कशाला? पेटी पुसली जाते, झाकण उघडतं, भाता मारला जातो. आतून दमेकऱ्याने धाप टाकावी तसा आवाज येतो, चार-पाच सूर कसेबसे बोलतात आणि एखादा पट्टी न दाबताच वाजत राहतो. मग पेटी माझ्याकडे येते. जो तो एकच सांगतो, "काका, सूर गेलेत हो. जरा ट्यूनिंग करून द्या."

सूर सहसा गेलेले नसतात. आवाज देणारी पितळेची पाती (चौकटीसकट तिलाही आम्ही 'सूर'च म्हणतो) नुसती पडून राहिल्याने फारशी बिघडत नाही. बिघडतं ते चामडं, कापड, पुठ्ठा, बनात (जाड लोकरी कापड), लाकडाचे सांधे. म्हणजे हवा धरून ठेवणारं सगळं. हवा गळत असेल तर चांगला सूरही उशिरा बोलतो, खाली बसल्यासारखा वाटतो आणि वाजवणाऱ्याला वाटतं पेटी बेसूर झाली. अशा पेटीचे सूर कुणी कानशीने घासून 'लावले' की भाता दुरुस्त झाल्यावर ती खरोखरच बेसूर निघते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग पट्ट्या, मग सुरांची सफाई आणि सगळ्यात शेवटी, गरज उरलीच तर, सूर लावणं. बहुतेक घरगुती पेट्या तिसऱ्या पायरीवरच वाजू लागतात.

मी पेटी बनवणारा कारागीर नव्हे. पोटाला फिटरची नोकरी केली आणि संध्याकाळी भजनात पेटीवर बसलो, त्यामुळे खोलणं-जोडणं आणि वाजवणं या दोन्ही बाजू थोड्याथोड्या कळतात, इतकंच. खाली सांगतोय ते हातपेटीबद्दल आहे. नाटकवाल्यांच्या काळातली घडीची पायपेटी कुणाकडे असेल तर ती जपून ठेवा आणि जाणत्यालाच दाखवा. गोविंदराव टेंब्यांच्या पिढीने ज्या तऱ्हेच्या पेट्यांवर संगीत नाटकं गाजवली, त्यातली एखादी आपल्या हातून बिघडायला नको.

खोलण्याआधी

पहिली गोष्ट, पेटी उन्हात ठेवू नका. माळ्यावरचा कुबट वास जावा म्हणून लोक ती अंगणात उन्हाला लावतात आणि दुपारपर्यंत झाकणाला चीर गेलेली असते, जुन्या सरसाचे सांधे सुटलेले असतात. घरातच, हवेशीर खोलीत, झाकण उघडं ठेवून तिला चार दिवस बसू द्या.

दुसरं म्हणजे हंगाम. कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं. श्रावणात अडकणारी पट्टी मार्गशीर्षात आपसूक मोकळी होते. त्यामुळे पट्ट्या घासायच्या, लाकूड तासायचं, सूर लावायचे ही कामं दिवाळीनंतरची. गणपतीच्या आधी घाई असेल तर साफसफाई आणि भात्याची ठिगळं एवढ्यावरच थांबा. आरतीला तेवढं पुरतं.

मग मोबाइलवर फोटो काढा, भरपूर. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी एक. पेटीत आत कुठेतरी दुकानाची चिठ्ठी किंवा पेन्सिलीने लिहिलेलं नाव, तारीख सापडते. ती पुसू नका, खरवडू नका. पेटीचं वय आणि गाव सांगणारा तेवढाच पुरावा असतो. हातपेटीचा चेहरामोहरा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात घडला, 1875 च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी. तिथून पुढे मुंबई, दिल्ली, पंजाब अशा ठिकठिकाणच्या कारागिरांनी आपापल्या खोड्या त्यात घातल्या. तुमची पेटी माझ्या वर्णनाशी तंतोतंत जुळली नाही तर घाबरू नका.

आणि हो, प्रत्येक घरात "आमची जर्मन सुरांची आहे" असं सांगतात. असेलही. पण पुष्कळ पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात आणि ते काही कमी दर्जाचे नव्हेत. आत बघेपर्यंत नातेवाइकांशी पैज लावू नका.

सामान फार लागत नाही. चांगल्या धारेचे दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, चिमटा, बॅटरी, 320 नंबरचा पॉलिश पेपर, फेविकॉल, थोडंसं मऊ पातळ मेंढीचं चामडं, बाइंडिंगचं कापड आणि गॅरेजवाल्याकडे असतो तो फीलर गेज. अंड्यांचे रिकामे ट्रे असतील तर स्क्रू आणि कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ठेवायला त्यासारखी वस्तू नाही.

हवेची परीक्षा

पेटीचं पोट दोन भात्यांचं असतं. बाहेरचा आपण हाताने मारतो. तो हवा ढकलतो आतल्या भात्यात. आतल्या भात्याखाली स्प्रिंगा असतात, त्या त्याला वर दाबून धरतात, म्हणून बाहेरचा हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. आतल्या भात्यातून हवा स्टॉपरच्या (समोरच्या ओढायच्या खुंट्यांच्या) वाटेने सुरांपर्यंत जाते आणि पट्टी दाबली की सुरातून वर निघून जाते. एवढं डोक्यात पक्कं असलं की गळती कुठे आहे ते पेटी न खोलताही कळतं.

सगळे स्टॉपर बंद करा. भाता मारून आतला भाता गच्च भरा आणि हात काढा. आतून फुसफुस येत भाता पटकन बसला, तर गळती भात्यातच आहे. भाता तसाच भरलेला राहिला, तर आता स्टॉपर उघडा, पट्टी मात्र एकही दाबू नका. आता बसला, तर गळती वर आहे: पट्ट्यांखालच्या गाद्यांत, किंवा सूर बसवलेली पाटी खालच्या चौकटीवर जिथे टेकते त्या सांध्यात. दोन्ही वेळा तग धरला, तर तुमची पेटी भाग्यवान. सरळ सफाईकडे वळा.

जागा शोधायला उदबत्ती. भाता भरून घड्यांच्या, कोपऱ्यांच्या जवळून उदबत्ती हळूहळू फिरवा. धूर जिथे फटकन बाजूला उडतो तिथे भोक. उदबत्ती चार बोटं लांब धरा आणि पट्ट्यांजवळ तर नेऊच नका, कारण जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवरचा पत्रा कधीकधी सेल्युलॉइडचा असतो आणि तो कापरासारखा पेटतो. पट्ट्यांच्या बाजूला हाताची मागची बाजू ओली करून फिरवा, बारीकशी झुळूकही गार लागते.

आणखी एक दुखणं या परीक्षेत सापडत नाही. भाता ओढताना हलका लागतो, दाबताना पण हलकाच, आणि आत काही भरतच नाही. तिथे झडपेचं चामडं वळलेलं असतं. बाहेरच्या भात्याच्या फळीला भोकं असतात आणि आतल्या अंगाला चामड्याची सैलसर झडप असते. ओढताना उघडते, दाबताना बंद होते. वर्षानुवर्षं पडून ती वाळलेल्या केळीच्या पानागत कडा वळवून बसते आणि बंदच होत नाही. नवी झडप लावायची तर चामडं मऊ हवं आणि दोन टोकांनाच चिकटवायचं, मधे मोकळं. ताणून लावलंत तर उघडणार नाही, फार सैल सोडलंत तर फडफडेल.

भाता

भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या आणि वर कापड किंवा चामडं. भोकं पडतात ती घडीच्या कोपऱ्यांत, कारण तिथेच चामडं सगळ्यात जास्त मुडपतं. उंदरांनी कुरतडलेलं असेल तर ते कुठेही असू शकतं. उंदरांनी आतल्या भात्यात घर केलेली पेटीही मी पाहिली आहे. आत भाताचं तूस आणि कुठल्याशा भजनाच्या वहीचा चुरा. अशी पेटी उघडताना नाकाला फडकं बांधा आणि घाण अंगणातच झटका.

छोटी भोकं आणि चिरा घरी बुजतात. ठिगळ पातळ हवं, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जाड चामड्याने भोक बुजतं पण घडी मिटत नाही, आणि मग शेजारची घडी फाटते. चामड्याच्या कडा ब्लेडने तासून कागदासारख्या पातळ करा. भाता पूर्ण उघडून ठिगळ लावा, मग गोंद ओला असतानाच दोन-तीनदा हळूच मिटून-उघडून घ्या, म्हणजे ते घडीच्या अंगाने बसतं. मग अर्धवट उघडा ठेवून रात्रभर वाळवा. मिटलेल्या भात्यात ठिगळ वाळलं तर घडीला घडी चिकटते आणि सकाळी ओढताना मूळचंच फाटतं.

गोंद कुठला? जुन्या पेट्यांत सरस असतो. कोमट ओल्या फडक्याने तो सुटतो, म्हणजे पुढच्या माणसाला काम करता येतं. फेविकॉलने माझं काम भागतं, पण पातळ हात ठेवतो. एम-सील, इन्सुलेशन टेप, सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन हे सगळं पेटीच्या पोटात सापडतं आणि प्रत्येक वेळी ते काढण्यात नव्या ठिगळापेक्षा जास्त वेळ जातो. पुठ्ठाच कुजला असेल, हाताला भुगा लागत असेल, तर ठिगळांच्या नादी लागू नका. भाता नवीन बनवून घ्यायचा आणि ते मेस्त्रीचं काम.

आतल्या भात्याखालच्या स्प्रिंगा बदलण्याचा मोह टाळा. "जोर येत नाही" म्हणून कडक स्प्रिंगा घातल्या की भाता मारणाऱ्याचा हात भरून येतो आणि खालच्या सप्तकातले सूर बोलेनासे होतात. जोर नसतो तो गळतीमुळे. गळती बुजवा, जोर परत येतो.

पट्ट्या

झाकण आणि जाळी काढली की पट्ट्या उघड्या पडतात. आता जरा खाली वाकून, बॅटरी आडवी धरून पट्ट्यांच्या फटींत बघा. घरात पेटीची पूजा होत असेल तर खंडेनवमीपासूनचा सगळा इतिहास तिथे असतो: हळद-कुंकू, झेंडूची वाळलेली पाकळी, बुक्का, कापराची काजळी आणि अक्षता. विशेषतः अक्षता. एका पेटीतली काळी चार (चौथी काळी पट्टी) अर्धीच दबत होती. घरच्यांच्या मते कमान मोडली होती. पट्टी उचलली तर खाली एक तांदळाचा दाणा, कुंकवाने अजून लाल, बरोब्बर लाकडाच्या खाचेत उभा. चिमट्याने उचलला आणि पट्टी खाली गेली. यजमानांना सांगितलं, पुढच्या वर्षी पूजा झाकणावर करा. त्यांच्या आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीच्या शेपटीवर पेन्सिलीने क्रमांक घाला, डावीकडून एक, दोन, तीन. एकसारख्या दिसतात पण नसतात. प्रत्येक पट्टी आपल्याच जागेवर घासून घासून बसलेली असते. काही पेट्यांत सगळ्या पट्ट्या एका लांब तारेत ओवलेल्या असतात, ती तार बाजूने ओढून काढायची. काहींत प्रत्येकीला वेगळा स्क्रू आणि वेगळी कमान. कमान उडून गेली की ती खाटेखालीच जाते, म्हणून बोटाने दाबून धरूनच सोडवा.

पट्टीच्या खालच्या अंगाला बनात आणि चामड्याची गादी असते, ती सुरावरचं भोक झाकते. सूर आपोआप वाजत राहतो तो बहुतेक वेळा इथल्या कारणाने. गादीत कचरा रुतलेला, चामडं दगड झालेलं, कमान ढिली पडलेली किंवा पट्टी शेजारणीला घासून वर येत नाही. परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापून गादीखाली सरकवा आणि पट्टी सोडून द्या. कागद ओढताना सगळ्या बाजूंनी सारखा अडायला हवा. एका कोपऱ्यातून सहज सुटला तर तिथून हवा जाते. कडक झालेलं चामडं जुन्या टूथब्रशने कोरडंच घासा, लव उभी राहिली की पुन्हा मऊ बसतं. कसरीने खाल्लेलं असेल तर गादी बदला, पण मूळच्याच जाडीची. अर्धा मिलिमीटर जाड झाली तरी ती एक पट्टी बाकीच्यांपेक्षा वर उभी राहते आणि वाजवताना बोट अडखळतं.

ढिल्या कमानीला हाताने थोडा बाक दिला की ती ताठ होते. थोडाच. सगळ्या पट्ट्यांचा कडकपणा सारखा लागला पाहिजे; डोळे मिटून एकेक दाबत जा, वेगळी असेल ती बोटाला लगेच कळते. शेजारणीला घासणारी पट्टी कुठे घासते ते पेन्सिल फिरवून बघा: बाजूला शिसं लावा, चार-पाचदा दाबा, जिथलं शिसं पुसलं गेलं तेवढीच जागा पॉलिश पेपरने दोन हात. वर म्हटल्याप्रमाणे हे काम कोरड्या दिवसांत.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या पट्ट्या टूथपेस्टने हलक्या हाताने पुसल्या तर बऱ्याच उजळतात. पूर्ण पांढऱ्या करायच्या मागे लागू नका. लाकडाचं तेच. जुनं पॉलिश लाखेचं असतं आणि स्पिरिटच्या बोळ्याने ते विरघळून हातात येतं. ओलसर फडकं, मग कोरडं फडकं, बस्स. दुकानातला चकचकीत व्हार्निश लावलेली आजोबांची पेटी बघितली की मला वाईट वाटतं, पण पेटी ज्याची त्याची.

सूर

आता खालची पाटी उचलायची. हुक किंवा स्क्रू सोडवले की पट्ट्यांसकट पाटी वर येते आणि उलटी केली की सूर दिसतात: पितळेच्या चौकटीवर एका टोकाला रिव्हेट केलेली पितळेची पाती, खर्जाच्या लांब, टिपेच्या नखाएवढ्या. दोन पदरी पेटीत, म्हणजे एका पट्टीला दोन सूर असतात तिच्यात, एका ओळीला खर्ज (खालच्या आवाजाचे), दुसरीला नर (मधल्या आवाजाचे). आधी नुसतं बघा. मऊ ब्रशने पातीच्या लांबीच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे, धूळ काढा. उलट्या दिशेने ब्रशचा केस पातीखाली अडकून ती वर वाकते. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा दमटपणा हिरवा गंज आणतो.

मुका सूर म्हणजे बहुतेक वेळा पाती आणि चौकटीच्या फटीत काहीतरी: केस, लोकरीचा धागा, झुरळाचा पाय. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान पातीखाली अलगद घाला, टोक किंचित उचला आणि पातळ कागदाची पट्टी फटीतून एकदा ओढून काढा. तेल, रॉकेल, गंज काढायचे फवारे यांतलं काहीही सुराला लावायचं नाही. तेलाने धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत सूर पुन्हा मुका.

खरखर येत असेल तर आधी सुराचे स्क्रू आवळा. खरखरीचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. तरी राहिलीच तर पेटी उजेडाकडे धरून बघा: पातीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला दिसत नसेल तर पाती चौकटीला घासतेय. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तिच्या मुळाशी कडेने अगदी हलकं टिचकवलं की ती मधे येते.

पातीचं टोक चौकटीपासून किती वर असावं? पातीची स्वतःची जाडी असते साधारण तेवढं. जास्त वर असेल तर सूर उशिरा बोलतो, हवा खातो, 'हुस्स' करून मग उठतो. चिकटून असेल तर हलक्या हवेत बोलतो पण भाता जोरात मारला की गुदमरतो. बोटाच्या नखाने वाकवता येतं, पण पाती मधूनच, बाक गोलसर राहील अशी. कोपर आला तर तिथेच एक दिवस तुटणार.

गंजलेले स्क्रू हा आमच्या दमट हवेतला खास जाच. जोर लावला की डोकं सपाट होतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, गार होऊ द्या, मग घट्ट बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. पाटी परत बसवताना स्क्रू एका बाजूने आवळत जाऊ नका. समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे. नाहीतर खालचं चामडं एका कडेला उचललं जातं आणि सगळी मेहनत तिथून फुस्स.

सूर लावायचे असलेच तर

पेटी जोडून आठवडाभर वाजवा. धूळ निघाल्यावर, हवा भरल्यावर बरेच सूर आपल्या जागी आलेले असतात. मग मोबाइलवर ट्यूनर घ्या आणि सगळ्या पट्ट्या एकेक वाजवून कागदावर लिहा. पांढरी एक म्हणजे ट्यूनरवरचं सी, काळी एक सी शार्प, पांढरी सहा म्हणजे ए. मधल्या सप्तकातली पांढरी सहा आजच्या मापाने 440 हर्ट्झला असते. भाता रोज वाजवता तेवढ्याच दाबाने मारा, कारण जास्त दाबाने सूर किंचित उतरतो, खर्जात तर कानालाही कळेल इतका.

लिहून झालं की कागद बघा. सगळीच्या सगळी पेटी 440 पेक्षा सारखीच चढी किंवा उतरी असेल, तर तिला हात लावू नका. तो तिचा मूळचा साचा आहे, त्या काळी ती तशीच लावली होती. गायकाला आणि तबल्याला तिच्याशी जुळवून घेता येतं. बिघाड म्हणायचा तो एखाद-दोन सूर बाकीच्यांपासून फुटून निघालेत तेव्हा. पाच सेंटच्या आतला फरक मी सोडून देतो (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, ट्यूनर तो दाखवतो).

नियम सोपा आहे. टोकाकडे खरवडलं की पाती हलकी होते, सूर चढतो. मुळाकडे खरवडलं की ती लवचीक होते, सूर उतरतो. पातीखाली फीलर गेजचं पान आधाराला घालायचं आणि बारीक कानशीने लांबीच्या दिशेने दोन घासे, आडवे नाहीत. आडव्या ओरखड्यातून पुढे तडा जातो. पितळ हाताच्या उबेनेही बदलतं, म्हणून घासलं की लगेच मोजू नका. पाटी बसवा, चहा घ्या, मग मोजा. पाटी बाहेर असताना आणि पेटीत बसवल्यावर त्याच सुराचं माप वेगळं येतं, त्यामुळे शेवटचं माप नेहमी पेटीतलं. खरवडलेलं पितळ परत चिकटवता येत नाही, तेव्हा निम्म्या अंतरावर थांबून बघायची सवय लावा.

दोन पदरी पेटीत खर्ज आणि नर एकत्र वाजताना आवाजात लाट येते, डुलल्यासारखी. ट्यूनरपेक्षा कान इथे जास्त खरा. आधी एक पदर कागदाची पट्टी पातीखाली सारून गप्प करा, नर ठीक करून घ्या, मग कागद काढून खर्ज त्याला मिळवा, लाट संथ होत थांबेपर्यंत.

कुणी शास्त्रीय गाणारा भेटला की म्हणतो, पेटीचे सूर मुळातच खोटे. त्यात तथ्य आहे. बारा सारखे भाग केलेल्या सप्तकात रागातला गंधार बसत नाही. याच तक्रारीपायी 1940 ते 1971 रेडिओवर पेटीला बंदी होती, आणि याच तक्रारीवर डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी काढली. पण आपण आजोबांची पेटी भजनाला, आरतीला वाजती करतोय. एखाद्या गाणाऱ्याच्या सांगण्यावरून तिचा एकच गंधार उतरवून ठेवू नका. काळी एकमधलं भजन सुधारेल आणि काळी चारमधलं बिघडेल.

मेस्त्रीकडे कधी, आणि काय सांगून

तुटलेली पाती, पूर्ण नवा भाता, वाळवीने पोखरलेली सुरांची पाटी आणि सगळ्या पेटीचं ट्यूनिंग ही कामं जाणत्याची. पाती तुटली असेल तर सुटा सूर मागवताना जुना सूर हातात घेऊन जा. लांबी, चौकटीची रुंदी, स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत.

पेटी देताना भात्याचं काम आणि सुरांचं काम यांचे भाव वेगवेगळे विचारा. "सगळं एकदम करून देतो" म्हणणाऱ्याला आधी भाता करायला सांगा, वाजवून बघा, मग सुरांचं ठरवा. सूर बदलायचे म्हणाला तर कुठले आणि किती ते आधी बघून घ्या, आणि काढलेले जुने सूर पुडीत बांधून परत मागून घ्या. खोलण्याआधी काढलेले फोटो त्याला दाखवा. कुठला स्टॉपर कशाला जोडला होता हे त्यालाही हवं असतं. आणि हे सगळं दसरा उलटल्यावर. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या दुकानात पेट्यांची थप्पी छताला लागलेली असते, तेव्हा तुमच्या पेटीला किती वेळ मिळेल हे सांगायला नको.